कर्करोगाच्या गोळ्या घरी सुरक्षितपणे घेण्यासाठी रुग्णाला कसे शिकवावे

कर्करोगावरचे औषध शिरेतून दिले जाते तेव्हा ते तपासणारी माणसे बरीच असतात. डॉक्टर डोस लिहितात, फार्मासिस्ट तो ताडून पाहतात, एक परिचारिका रुग्णाला नाव विचारते, दुसरी पिशवीवरची चिठ्ठी वाचते आणि रक्ताचा अहवाल पाहिल्याशिवाय सलाईन सुरू होत नाही. गोळ्यांच्या रूपातले औषध घरी गेले की ही सगळी कामे रुग्णावर आणि त्याच्या घरच्या एखाद्या माणसावर येतात. औषधाची ताकद मात्र कमी झालेली नसते. पुष्कळ रुग्णांना वाटते की गोळीच दिली आहे म्हणजे आजार बेताचा असेल किंवा औषध सौम्य असेल. हा समज पहिल्याच भेटीत दूर करावा लागतो.

हा लेख प्रामुख्याने परिचारिका, फार्मासिस्ट आणि समुपदेशक यांच्यासाठी आहे. पण घरी गोळ्यांची जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकांनाही तो उपयोगी पडेल. पुढील प्रत्येक पायरीमागे एकच कसोटी आहे. आपण जे सांगितले ते शिकवले असे धरू नये. रुग्णाने जे आपल्या तोंडाने सांगितले आणि आपल्या हाताने करून दाखवले, तेवढेच शिकवले असे धरावे. ‘समजले का?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळेच ‘हो’ म्हणतात, आणि त्या ‘हो’वर विसंबून किती चुका घरोघर गेल्या असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

पहिली पायरी : सांगण्याआधी विचारावे

मल्टिनॅशनल असोसिएशन ऑफ सपोर्टिव्ह केअर इन कॅन्सर या संस्थेने तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी शिकवण्याचे एक साधन तयार केले आहे. त्याचे चार भाग आहेत : आधी रुग्णाची चौकशी, मग सर्व गोळ्यांना लागू होणारी माहिती, त्यानंतर त्या विशिष्ट औषधाची माहिती आणि शेवटी रुग्णाला काय कळले याची तपासणी. यांतला पहिला आणि शेवटचा भाग घाईत गाळला जातो, आणि नेमके तेच भाग सर्वाधिक मोलाचे आहेत.

चौकशीची सुरुवात ‘या औषधाबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले आहे?’ या प्रश्नाने करावी. उत्तर ऐकल्यावर कोठून सुरुवात करायची ते कळते. त्यानंतर गिळायला त्रास होतो का, बारीक अक्षर वाचता येते का, बोटे बधिर असल्यास डबीचे झाकण उघडते का, दिवसभर घरी कोण असते आणि विसरण्याची सवय आहे का, हे विचारावे. खर्च झेपेल का, हेही स्पष्ट पण हळुवारपणे विचारावे. कारण पैशांची ओढाताण असलेला रुग्ण गोळ्या पुरवून पुरवून घेतो आणि ते कोणालाही सांगत नाही. रुग्ण घेत असलेली सगळी औषधे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि वनौषधींसकट, एका पिशवीत घालून आणायला सांगावे. तोंडी यादीत निम्म्या गोष्टी राहून जातात. पिशवी ओतली की त्या समोर येतात.

शक्य असेल तर शिकवणे दोन बैठकांत करावे. निदान ऐकलेल्या दिवशी माणसाच्या कानांवर शब्द पडतात, पण ते मनात उतरत नाहीत. त्या दिवशी केवळ अत्यावश्यक तेवढे सांगून गोळ्या सुरू करण्यापूर्वी पुन्हा बसणे हिताचे. घरची जी व्यक्ती प्रत्यक्ष गोळ्या देणार असेल, तिने दोन्ही वेळा हजर राहावे.

दुसरी पायरी : डोस हातात घेऊन मोजणे

डोस मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो आणि रुग्ण मात्र गोळ्या मोजतो. चूक या दोहोंच्या मध्ये होते. कॅपेसिटाबिन या कर्करोगाच्या गोळीचे उदाहरण घेऊ. ही गोळी १५० आणि ५०० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते. एखाद्या रुग्णाचा एका वेळचा डोस १६५० मिलिग्रॅम ठरला असेल तर त्याने ५०० च्या तीन आणि १५० ची एक गोळी घ्यायला हवी. एका आजींना मी हे दोनदा समजावले होते आणि त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती. तरी मी दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटले, ‘आजी, आज रात्रीचा डोस मला काढून दाखवा.’ त्यांनी शांतपणे लहान गोळीच्या पट्टीवर तीन वेळा बोट ठेवले आणि मोठ्या गोळीच्या पट्टीवर एकदा. म्हणजे १६५० ऐवजी ९५० मिलिग्रॅम. ‘तीन आणि एक’ एवढेच त्यांच्या लक्षात राहिले होते. कोणत्या तीन आणि कोणती एक, ते नाही. आम्ही पट्ट्यांवर ठळक अक्षरांत ‘३’ आणि ‘१’ लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि त्यांनी डोस पुन्हा दाखवला तेव्हाच त्या उठल्या.

म्हणून औषधाचे नाव, ताकद, गोळीचा रंग व आकार, एका वेळच्या गोळ्यांची संख्या आणि दिवसातल्या वेळा एका कागदावर लिहून द्याव्यात, आणि रुग्णाकडून प्रत्यक्ष डोस दाखवून घ्यावा. टेमोझोलोमाइडसारख्या औषधाच्या कॅप्सूल ५ पासून २५० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या ताकदींत येतात आणि एका डोससाठी दोन-तीन प्रकार एकत्र करावे लागतात. तेथे ही पायरी गाळणे धोक्याचेच आहे.

तिसरी पायरी : घड्याळ, जेवण आणि दिनदर्शिका

‘रिकाम्या पोटी’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपल्यापरीने लावतो. कोणाला दूध चालते असे वाटते, कोणाला दोन बिस्किटे. त्यामुळे तासांच्या भाषेत बोलावे. ॲबिराटेरोन आणि नायलोटिनिब ही औषधे घेण्यापूर्वी किमान दोन तास आणि घेतल्यानंतर एक तास काहीही खायचे नसते. ॲबिराटेरोन स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तातले त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, तर नायलोटिनिब अन्नाबरोबर घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. याउलट कॅपेसिटाबिन जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाण्याबरोबर घ्यायचे असते, आणि इमॅटिनिब जेवणाबरोबर, मोठा पेला भरून पाणी पिऊन. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही, हे रुग्णाला मोकळेपणाने सांगावे; शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे ऐकून वेळ बदलण्याचे प्रकार त्यामुळे थांबतात.

रुग्णाचे रोजचे वेळापत्रक आधी विचारावे आणि गोळीची वेळ त्यात बसवावी. रात्रीचे जेवण आठला संपत असेल तर रिकाम्या पोटीची गोळी दहाला, आणि मग अकरापर्यंत काही खायचे नाही. असे नेमके आकडे लिहून दिले की पाळणे सोपे जाते. आपल्या सोयीची वेळ त्याच्यावर लादली तर ती आठवडाभरही टिकत नाही.

याहून मोठा धोका विश्रांतीच्या दिवसांचा आहे. कॅपेसिटाबिन बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस बंद ठेवले जाते. टेमोझोलोमाइड अनेक उपचारक्रमांत २८ दिवसांपैकी पहिले ५ दिवस दिले जाते. ‘गोळ्या उरल्या आहेत म्हणजे घ्यायच्या असतील’ असे समजून विश्रांतीच्या आठवड्यातही गोळ्या चालू ठेवणारे रुग्ण असतात. तेव्हा पेशी सावरण्यासाठी हे दिवस मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात आणि ते उपचाराचाच भाग आहेत, हे कारणासह सांगावे. घरच्या दिनदर्शिकेवर गोळ्यांच्या दिवसांभोवती रुग्णाकडूनच गोल काढून घ्यावेत, विश्रांतीच्या दिवसांवर फुली मारून घ्यावी आणि डोस घेतला की त्या तारखेवर खूण करायला सांगावे.

मेथोट्रेक्सेटबद्दल वेगळे बजावावे लागते. हे औषध अनेक आजारांत आठवड्यातून एकदाच दिले जाते, आणि ते चुकून रोज घेतल्यामुळे जगभरात मृत्यू झालेले आहेत. ज्यांना ते आठवड्यातून एकदा घ्यायचे आहे, त्यांच्या कागदावर ‘दर आठवड्याला’ एवढे लिहून भागत नाही. वाराचे नाव लिहावे आणि ‘इतर दिवशी नाही’ असेही लिहावे.

डोस राहिला तर काय करायचे याचे उत्तर औषधागणिक बदलते, त्यामुळे ते त्या औषधाच्या कागदावर स्वतंत्रपणे लिहावे. एक नियम मात्र सर्वांना लागू आहे : राहिलेला डोस भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी आपल्या मनाने दुसरी घ्यायची नाही. किती शोषली गेली हे कळत नाही. फोन करून विचारायचे.

चौथी पायरी : इतर औषधांची गाठ

रुग्णाच्या पिशवीतून निघालेली प्रत्येक वस्तू आता पाहावी. आम्लपित्ताच्या गोळ्या निरुपद्रवी वाटतात, पण पोटातले आम्ल कमी झाल्यावर डॅसाटिनिब आणि एर्लोटिनिब ही कर्करोगाची औषधे नीट शोषली जात नाहीत. कॅपेसिटाबिनबरोबर वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याचे रक्त धोकादायकरीत्या पातळ होऊ शकते. मर्कॅप्टोप्युरिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध घेणाऱ्याला कोणी युरिक आम्लासाठी ॲलोप्युरिनॉल सुरू केले, तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस साधारण एक तृतीयांश ते एक चतुर्थांशावर आणावा लागतो. तसे न केल्यास रक्तपेशी झपाट्याने घटतात. पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाला शरीरात कार्यक्षम रूपात बदलू देत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी अनेक लक्ष्यवेधी (कर्करोगाच्या पेशींतल्या ठरावीक घटकावर नेम धरणाऱ्या) औषधांचे रक्तातले प्रमाण कमी करते, तर ग्रेपफ्रूट हे फळ ते वाढवते. धूम्रपानाने एर्लोटिनिबचे प्रमाण घटते.

रुग्णाने ही जंत्री पाठ करावी अशी अपेक्षा नाही. कोणतीही नवी गोळी, मग ती दातांच्या डॉक्टरांनी दिलेली असो की दुकानातून आपणच आणलेली, घेण्यापूर्वी आम्हाला विचारायची, ही एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली पाहिजे. आणि नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी कर्करोगाच्या गोळ्या घेतो’ हे वाक्य स्वतःहून उच्चारायचे. तपासणीला जाताना हातात धरता येईल असे औषधाच्या नावाचे लहान कार्ड दिले तर फार बरे.

पाचवी पायरी : घरात औषध हाताळणे

ही औषधे रुग्णासाठी उपचार आहेत. घरातल्या इतरांसाठी नाहीत. गोळी देणाऱ्या व्यक्तीने एकदा वापरून टाकायचे हातमोजे घालावेत आणि काढल्यावर साबणाने हात धुवावेत; रुग्ण स्वतः घेत असेल तर त्यानेही आधी आणि नंतर हात धुवावेत. गोळी डबीच्या झाकणात किंवा लहान कागदी पेल्यात काढून थेट तोंडात टाकता येते. गर्भवती किंवा बाळाला पाजणाऱ्या स्त्रीने या गोळ्यांना हात लावू नये.

गोळी चघळू नये, फोडू नये, कुटू नये, कॅप्सूल उघडू नये. गिळता येत नसेल तर तसे आधी सांगावे. काही औषधे पातळ करून देण्याची पद्धत ठरलेली असते, पण ती फार्मासिस्टने सांगायची आहे, स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याने ठरवायची नाही. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत इतर औषधांबरोबर या गोळ्या भरू नयेत. मूळ डबीतली ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये. स्नानगृह किंवा चुलीजवळची जागा टाळावी. काही औषधे शीतकपाटात ठेवावी लागतात. तेव्हा ती बंद डब्यात, अन्नापासून वेगळी आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवावीत.

डोसनंतर साधारण ४८ तास, आणि काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ, औषधाचे अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतात. रोज गोळ्या घेणाऱ्यासाठी हा काळ अखंड चालूच असतो. शौचालयाचे झाकण असल्यास ते लावून दोनदा पाणी सोडावे, उलटी किंवा मळलेले कपडे हातमोजे घालून उचलावेत आणि ते इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. हे सांगताना स्वर जपावा लागतो. रुग्णाला आपण घरच्यांसाठी विषारी झालो आहोत असे वाटता कामा नये. नातवंडांना जवळ घेणे, एकत्र जेवणे, हात हातात घेणे यांत काही धोका नाही, हे मी हातमोज्यांचा विषय निघण्याआधीच सांगते.

गर्भधारणा टाळण्याविषयी स्त्री-पुरुष दोघांशीही संकोच न करता बोलावे. १९५७ ते १९६१ या काळात गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो बालके अपंग जन्मली. आज तेच औषध आणि त्याच कुळातले लेनालिडोमाइड अस्थिमज्जेच्या कर्करोगावर दिले जाते. ती घेताना स्त्रियांच्या गर्भधारणा चाचण्या होतात, पुरुषांना निरोध वापरावा लागतो, आणि उपचार चालू असताना व संपल्यानंतर ४ आठवडे रक्तदान करता येत नाही. उरलेल्या गोळ्या शौचालयात किंवा कचऱ्यात टाकू नयेत. त्या दवाखान्यात परत आणून द्याव्यात.

सहावी पायरी : कधी फोन करायचा

दुष्परिणामांची दोन पानी यादी वाचून दाखवली तर रुग्ण घाबरतो आणि त्यातले काहीच लक्षात ठेवत नाही. मी ती यादी तीन भागांत सांगते : ताबडतोब फोन, त्याच दिवशी फोन आणि पुढच्या भेटीत सांगण्याजोगे.

ताबडतोबमध्ये पहिला आहे ताप. रक्तातल्या संरक्षक पेशी कमी असतात तेव्हा संसर्ग झालेल्या जागी पू, सूज, लाली काहीच दिसत नाही. ताप ही एकच खूण उरते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर मध्यरात्र असली तरी फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल घ्यायचे नाही, कारण खूण पुसली जाते आणि संसर्ग मागे राहतो. त्यासाठी घरात तापमापक आहे का हे विचारावे आणि तो वाचता येतो का हे पाहावे. छातीत दुखणे, धाप, न थांबणारा रक्तस्राव, एकाच पायाला आलेली सूज, गोंधळल्यासारखे होणे हेही याच भागात येतात.

जुलाबांचे प्रमाण मोजायचे तर रुग्णाचे नेहमीचे प्रमाण आधी कळले पाहिजे. ‘एरवी दिवसातून किती वेळा जाता?’ हे पहिल्याच भेटीत लिहून ठेवावे. कॅपेसिटाबिन घेणाऱ्याला नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जावे लागले, किंवा रात्री उठून जावे लागले, तर गोळ्या थांबवून फोन करायचा. तळहात-तळपाय लाल होऊन दुखणे आणि तोंडातल्या फोडांमुळे खाता न येणे यांनाही हाच नियम आहे. काही व्यक्तींच्या शरीरात हे औषध मोडणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते, आणि त्यांना पहिल्या काही दिवसांतच अत्यंत तीव्र त्रास होतो. त्यावर युरिडीन ट्रायअसिटेट हा उतारा आहे, पण तो शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. फोनला दोन दिवसांचा उशीर झाला तर काय गमावले जाते, ते यावरून ध्यानात यावे.

रुग्णांना गोळी थांबवण्याची फार भीती वाटते. एक डोस चुकला की आजार उसळेल असे वाटून ते यातना सोसत राहतात. त्यामुळे ‘ही लक्षणे दिसली तर गोळी थांबवून फोन करा, याची तुम्हाला पूर्ण परवानगी आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि लिहूनही द्यावे. ज्या क्रमांकावर रात्रीही कोणी उत्तर देते तोच क्रमांक द्यावा, आणि समोर बसूनच तो रुग्णाच्या मोबाइलमध्ये नोंदवून घ्यावा.

सातवी पायरी : महिने उलटल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली म्हटले होते की विकसित देशांतही दीर्घ आजारांची औषधे नियमितपणे घेणारे सरासरी निम्मेच असतात. कर्करोगाचे रुग्ण याला अपवाद नाहीत. लंडनमधील रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या ८७ रुग्णांच्या इमॅटिनिबच्या डब्या तीन महिने, डबी उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक झाकणाने तपासल्या गेल्या आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक डोस घेतले होते, त्यांच्यात सहा वर्षांत रोग खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के होती. महिन्यातून तीन गोळ्या राहिल्या की माणूस या सीमेवर येऊन उभा राहतो. बरे वाटू लागल्यावर गोळ्या राहतात, लग्नकार्यात आणि प्रवासात राहतात, आणि दुष्परिणाम सांगितला तर डॉक्टर औषध बंद करतील या भीतीने मुद्दामही गाळल्या जातात.

‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी ‘पुष्कळांच्या एखाद-दोन गोळ्या राहतातच, गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या किती राहिल्या?’ असे विचारावे आणि आकडा ऐकल्यावर चेहरा बदलू देऊ नये. एकदा रागावलो तर पुढच्या वेळी खरे उत्तर मिळत नाही.

आठवी पायरी : उलट सांगायला लावणे

बैठक संपवताना परीक्षा घेतल्यासारखे वाटू नये म्हणून भार आपल्याकडे घ्यावा : ‘मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे. घरी गेल्यावर मुलीला हे कसे समजावून सांगाल?’ मग प्रसंग द्यावेत. सकाळची गोळी राहिली आणि दुपारी आठवली, तर? रात्री दोनला ३८.५ ताप आला, तर? पंधराव्या दिवशी डबीत सहा गोळ्या उरल्या, तर? उत्तर अडले तर तेवढाच भाग वेगळ्या शब्दांत सांगून पुन्हा विचारावा. काय शिकवले, कोणाला शिकवले आणि कोणते उत्तर चुकले हे केसपेपरवर लिहावे. पुढच्या वेळी बसणाऱ्या सहकाऱ्याला तेथूनच सुरुवात करता येते.

पहिला फोन आपणच, गोळ्या सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आत करावा. दुसरा विश्रांतीच्या दिवसांत करावा आणि त्यात गोळ्या खरोखर थांबल्या आहेत ना, हे विचारावे. डोस कमी केला गेला असेल तर जुन्या ताकदीची पट्टी घरात राहिलेली असते, आणि महिनाभराने तीच हातात येते. म्हणून डोस बदलला की जुन्या गोळ्या परत मागवाव्यात, जुना कागद फाडून नवा द्यावा, दिनदर्शिकेवरच्या खुणा बदलाव्यात आणि नव्या पट्ट्या टेबलावर ठेवून म्हणावे, ‘आज रात्रीचा डोस मला काढून दाखवा.’